मुंबईच्या वेशीबाहेर: एकट्या पालकाचे स्थलांतर

मुंबईत भाडे परवडेनासे झाले की कमी उत्पन्नाचे कुटुंब बाहेरची वाट धरते. ही वाट बहुधा रेल्वेच्या रुळांबरोबर जाते. पश्चिम मार्गावर दहिसर ओलांडले की मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. मध्य मार्गावर ठाण्यापुढे दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर. जनगणनेचे आकडे हा ओघ स्पष्ट दाखवतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. याच काळात मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजारांवरून ८ लाखांच्या पुढे गेली.

दोन मोठी माणसे असलेल्या घरात कामाची वाटणी करता येते. एकाने लांबचा प्रवास करून पगार आणायचा, दुसऱ्याने मूल, पाणी, रेशन आणि शाळा पाहायची. एकट्या पालकाला अशी वाटणी करता येत नाही. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली किंवा अविवाहित आई, अथवा पत्नीच्या मागे मुले वाढवणारा बाप, यांच्यापैकी कोणाच्याही घरात कमावणारा आणि सांभाळणारा माणूस एकच असतो. त्यामुळे घर हलवताना त्यांना तीन हिशेब एकत्र मांडावे लागतात: भाडे किती वाचते, प्रवासात वेळ किती जातो आणि त्या वेळात मूल कोणाजवळ राहते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोहोंचा हिशेब पुरा होत नाही. घोडबंदर परिसर या तिन्ही हिशेबांचा चांगला नमुना आहे.

घोडबंदरची जागा

घोडबंदर या नावाने लोक दोन वेगळ्या भागांबद्दल बोलतात. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, कासारवडवली, ओवळा, गायमुख हा पट्टा ठाणे महानगरपालिकेत येतो. तिथल्या उंच इमारती जाहिरातींमधून सर्वांना माहीत आहेत. मूळ घोडबंदर गाव मात्र पुढे आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठी, पोर्तुगीज काळातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी, हा रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो त्या बाजूला ते वसलेले आहे. हे गाव आणि शेजारची चेणे व वरसावे ही गावे मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतात. मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली.

गावठाणातली जुनी घरे, त्यांना लागून वाढलेल्या बैठ्या चाळी, महामार्गालगतची हॉटेले व गोदामे आणि मधूनमधून उभे राहिलेले गृहप्रकल्प असे या भागाचे रूप आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, दुसऱ्या अंगाला खाडी. रेल्वे स्टेशन गावात नाही. मीरा रोड किंवा भाईंदर गाठायचे तर बस, शेअर रिक्षा किंवा दोन्ही लागतात. बोरिवली–ठाणे मार्गाच्या एस.टी. गाड्या याच रस्त्याने जातात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे ठाणे किंवा बोरिवलीला कामाला जाणाऱ्या बाईला हा मार्ग स्वस्त पडतो. पैसे वाचले तरी गायमुखचा चढ आणि महामार्गाच्या जोडावरची कोंडी टळत नाही. ज्या प्रवासाला रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास लागतो त्याला संध्याकाळी दीड तासही लागू शकतो. खोली पाहायला रविवारी दुपारी गेलेल्या माणसाला हा रस्ता जसा आहे तसा दिसत नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सात वाजता एकदा तरी तो प्रवास करून पाहावा.

आधीची स्थलांतरे

मुंबईने माणसे बाहेर लोटणे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. त्या स्वतः विधवा होत्या आणि मनोरमा या लहान मुलीला वाढवत होत्या. संपूर्ण संस्थेसह शहर बदलणारी ती एकटी आई होती.

कामगारवर्गाच्या पातळीवर मोठी उलथापालथ १९८२ च्या गिरणी संपाने केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्या बंद होत गेल्या, तशी अनेक कुटुंबे गिरणगावातली खोली सोडून कोकणात, घाटावर किंवा विरार-बदलापूरच्या दिशेने गेली. त्या काळात बऱ्याच घरांचा गाडा बायकांनी ओढला. खानावळ चालवणाऱ्या बायकांना कर्ज आणि संघटनेचे बळ मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. लालबाग-परळमध्ये खानावळ चालायची, कारण जेवणारे कामगार दोन गल्ल्या पलीकडे राहत. विरारला गेल्यावर तोच हुन्नर हाती असूनही गिऱ्हाईक नव्हते. घर हलले की कमाईची जागाही हलते, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले.

एकट्या बायकांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला गेला तो ऐंशीच्या दशकात. संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची चळवळ उभी केली. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाची शिधापत्रिका मिळावी ही त्या चळवळीची एक मागणी होती. कोरोनाच्या साथीनंतर कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनेही कागदपत्रे आणि योजना मिळवून देण्याचे काम हाती घेतले. दोन्ही वेळा अडचण एकाच जागी होती. मदत कागदावर असते, पण ती मिळवायला लागणारा पत्ता, दाखला आणि कार्ड बाईच्या नावावर नसते.

भाड्याचा खरा हिशेब

स्वस्त खोली दिसली की वाचणारे भाडे लगेच डोळ्यांत भरते, वाढणारा खर्च मागाहून कळतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. जोगेश्वरीला ७,००० रुपये भाड्याच्या खोलीत राहणारी आई अंधेरीच्या एका कार्यालयात साफसफाईचे काम करते. पगार १४,००० रुपये. बसचा खर्च महिना ५०० रुपये. पहिलीतला मुलगा शाळा सुटल्यावर शेजारच्या काकूंकडे बसतो. घोडबंदरला तिला ४,५०० रुपयांत खोली मिळते. भाड्यात २,५०० रुपये वाचले.

आता वाढता खर्च पाहू. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन ४० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,०४० होतात. बसच्या जागी रेल्वे आणि पुढचा प्रवास, यात आणखी १०० रुपये वाढले असे धरू. आई रोज अडीच तास अधिक बाहेर राहणार, म्हणून मूल सांभाळणाऱ्या बाईला ८०० रुपये जास्त. वाचलेल्या २,५०० मधून हे १,९४० गेले. हाती उरले ५६०.

घर हलवण्याचा एकरकमी खर्च वेगळाच. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली ४,५००, टेम्पो व हमाली ३,०००, करारनामा व नोंदणी १,५००, असे ९,००० रुपये परत न येणारे आहेत. डिपॉझिट परत येते, पण तोवर अडकून पडते. महिना ५६० रुपयांनी ९,००० भरून निघायला सोळा महिने लागतात, आणि करार असतो अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांनी मालकाने खोली खाली करायला सांगितली तर ही आई तोट्यात गेलेली असते, शिवाय रोजचे अडीच तासही तिने गमावलेले असतात.

याच बाईने आधी घोडबंदरजवळच्या काशीमिऱ्याला, चालत जाता येईल असे १३,००० रुपयांचे काम शोधले आणि मग खोली घेतली, तर चित्र पालटते. पगारात १,००० कमी झाले, पण भाड्याचे २,५०० आणि बसचे ५०० वाचले. महिन्याला २,००० उरतात, ९,००० साडेचार महिन्यांत वसूल होतात आणि ती संध्याकाळी वेळेवर घरी असते. प्रत्येकीचे आकडे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवावी. आधी काम, मग मूल सांभाळण्याची सोय, मग खोली. उलट क्रमाने गेल्यास खोलीच्या भाड्यातला फायदा रस्त्यावर खर्च होतो.

करार, डिपॉझिट आणि कच्चे कागद

महाराष्ट्रात भाड्याची बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे न्यायालय खरे धरते, जोवर उलट पुरावा येत नाही. आधार व बोटांचे ठसे घेऊन ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते.

एकट्या पालकासाठी नोंदवलेल्या कराराचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. नव्या पत्त्याचा हाच पहिला पुरावा असतो, आणि आधार, बँक, शाळा, रेशन यांचे काम याच कागदावर पुढे सरकते. म्हणून चार पैसे वाचवायला तोंडी व्यवहार करणे महागात पडते. करारात तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, खोली सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, आणि वीज, पाणी व मेंटेनन्स कोणाच्या माथी. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे की टँकरचे, नळाला किती वाजता येते आणि ते भरायला त्या वेळी घरी कोणी असेल का, हे शेजारच्या दारात विचारावे.

एकट्या बाईला घर देताना मालक किंवा सोसायटी नवऱ्याबद्दल खोदून विचारते, नकार देते किंवा जास्त डिपॉझिट मागते, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. कामाच्या ठिकाणचे पत्र, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर आणि ओळखीच्या एका कुटुंबाची शिफारस जवळ असली की बोलणे लवकर संपते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकाचे काम आहे. घोडबंदर गावाचा भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो.

स्वस्तात खोली विकत मिळते, या मोहापासून सावध राहावे. जंगलालगत आणि डोंगरउतारावर बिनपरवाना चाळी उभ्या राहतात, आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून त्यांतल्या खोल्या विकल्या जातात. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पट्टा तर २०१६ च्या अधिसूचनेने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. दागिने मोडून घेतलेली अशी खोली पाडली गेली, तर पैसे आणि छप्पर दोन्ही जातात. घर घ्यायचेच असेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत आणि प्रधानमंत्री आवास योजना हे रस्ते आहेत. आवास योजनेत घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर देण्याचे धोरण आहे.

मूल कोणाजवळ

शाळा पाच-सहा तासांची, नोकरी आठ-नऊ तासांची आणि प्रवास त्यावर. मधले तास कोण भरून काढणार, हा एकट्या पालकाच्या स्थलांतराचा कणा आहे. सहा वर्षांखालच्या मुलासाठी पहिली जागा अंगणवाडी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा आहार आणि शाळापूर्व शिक्षण मिळते, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, शिवाय लसीकरण व वजनाची नोंद होते. मात्र अंगणवाडी काही तासच चालते. मिशन शक्तीखालच्या पाळणा योजनेत दिवसभराच्या पाळणाघरांची तरतूद आहे. आपल्या वस्तीत अशी सोय आहे का, हे अंगणवाडी सेविका सांगू शकते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सोय देणे बंधनकारक केले. घरकामगार, नाक्यावरचे कामगार आणि छोट्या गाळ्यांतले कामगार या कायद्याच्या बाहेर राहतात.

त्यांच्यासाठी उरतो तो शेजार. मुंबईतल्या चाळीत दहा वर्षांत जमलेला शेजार किती रुपयांचा होता, हे तो सुटल्यावर कळते. मूल आजारी पडले तर कोण बसेल, गाडी बंद पडली तर शाळेतून कोण आणेल, रात्री दवाखान्यात जायचे तर दाराशी कोण येईल, या तीन प्रश्नांना नावानिशी उत्तर असावे. म्हणून बहीण, मावशी, गावाकडचे कुटुंब किंवा जुनी मैत्रीण जिथे आधीच राहते अशा गल्लीत दोन-चारशे रुपये जास्त भाडे देऊन राहणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पैसे घेऊन मूल सांभाळणाऱ्या शेजारणीशी वेळ, जेवण, रक्कम आणि सुटीचे दिवस आधीच स्पष्ट बोलावेत.

शाळेची बदली

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याचे कलम ५ स्थलांतर करणाऱ्या पालकाला मोठा आधार देते. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळा मराठीसह हिंदी, उर्दू आणि गुजराती माध्यमांतही चालतात.

विनाअनुदानित खासगी शाळेत कलम १२ खाली २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्या जागा पहिली किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गातच भरल्या जातात, आणि दुसऱ्या खासगी शाळेत बदली मागण्याचा हक्क कलम ५ देत नाही. अशी मोफत जागा मिळालेली असेल तर घर हलवण्याने ती हातची जाऊ शकते. या एका कारणासाठीही काही पालकांनी जुन्या शाळेच्या टप्प्यातच घर शोधणे योग्य. शैक्षणिक वर्ष संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात हलणे मुलाला सर्वांत कमी जाचक असते.

जिल्हा बदलतो, कागद बदलतात

दहिसर आणि मीरा रोड ही लागोपाठची स्टेशने आहेत. तरी मधली हद्द ओलांडली की मुंबई उपनगर जिल्हा संपून ठाणे जिल्हा सुरू होतो. तहसील, महापालिका, पोलीस आयुक्तालय, बाल संरक्षण कक्ष सर्व बदलते. जुन्या कार्यालयातला अर्ज आपोआप नव्या कार्यालयात जात नाही.

रेशनच्या बाबतीत अडचण कमी आहे. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे राष्ट्रीय अन्न सुरक्षेत नाव असलेले कुटुंब कार्ड न बदलता कोणत्याही दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन धान्य घेऊ शकते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळते. खरी अडचण बाईचे आणि मुलांचे नाव सासरच्या कार्डावर असते तेव्हा येते. कार्ड दुसऱ्याच्या हाती, आणि धान्यही तिथेच उचलले जाते. अशा वेळी नावे कमी करून स्वतंत्र कार्डासाठी शिधावाटप कार्यालयात अर्ज करावा लागतो. राज्यात शहरी भागासाठी प्राधान्य गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते.

घर सोडण्यापूर्वी जमवायचे कागद असे: मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला व गुणपत्रके, लसीकरणाचे कार्ड, सर्वांचे आधार, पतीचा मृत्युदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, जातीचा व अधिवासाचा दाखला, बँकेचे पासबुक. भांडण होऊन घाईने घर सोडावे लागते तेव्हा हेच कागद मागे राहतात, म्हणून त्यांच्या प्रती विश्वासाच्या माणसाकडे आधीच ठेवाव्यात. गॅस जोडणीचे हस्तांतर जुन्या वितरकाकडून करून घ्यावे.

मिळू शकणारी मदत

एकल पालकांसाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहीत असलेली योजना बालसंगोपनाची. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना या नावाने ती आता चालते. अठरा वर्षांखालील पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. आई किंवा वडील गमावलेली, घटस्फोट झालेल्या घरातली, एकाच पालकाकडे वाढणारी मुले तीत येतात. एकटा बापही मुलासाठी अर्ज करू शकतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशाच मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे. तिथे उत्पन्नमर्यादा शहरी भागात वर्षाला ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,००० रुपये आहे. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे लागते आणि आदेश बालकल्याण समिती देते. जिल्हा बदलताना चालू प्रकरण नव्या कक्षाकडे वर्ग करण्याचा अर्ज करूनच निघावे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये इतकी खाली आहे, त्यामुळे नियमित पगार असलेली बाई तीत बसत नाही. जुलै २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. दुसऱ्या योजनेतून तेवढी रक्कम मिळत असेल तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत. बांधकामावर काम करणाऱ्या बाईने वर्षात ९० दिवस काम केले असल्यास बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. मुलांच्या शिक्षणाला तिथून साहाय्य मिळते. आजारपणासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार समाविष्ट रुग्णालयांत होतात. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी हे सरकारी रुग्णालय आहे.

ताबा, पोटगी आणि न्यायालय

मुलाच्या ताब्याचा खटला चालू असेल किंवा आदेश झालेला असेल, तर मूल घेऊन जिल्ह्याबाहेर जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला आणि गरजेप्रमाणे न्यायालयाची परवानगी घ्यावी. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात चालतो. भेटीचे दिवस ठरलेले असतील तर नव्या अंतराला शोभेल असा बदल मागता येतो. न सांगता निघून गेल्यास तीच गोष्ट पुढे आपल्याविरुद्ध मांडली जाते.

पालकत्वाबद्दल आईची बाजू कायद्याने बळकट झाली आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या हयातीतही, ते जबाबदारी घेत नसतील तर, आई नैसर्गिक पालक ठरते असे म्हटले. २०१५ मध्ये अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देता पालकत्व मागण्याचा मार्ग मोकळा झाला. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव शासकीय कागदांवर बंधनकारक आहे.

पोटगीसाठी जुन्या घरच्या न्यायालयात खेपा घालण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा अर्ज पत्नी सध्या राहते तिथेही करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्ज तात्पुरत्या निवाऱ्याच्या ठिकाणीही चालतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते, म्हणून अर्ज लांबवू नये. मीरा रोडला २०२५ मध्ये दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले. त्याआधी ठाण्याला जावे लागे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तातडीच्या वेळी महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

आणखी लांब: वसई, पालघर की माहेर

घोडबंदरही परवडत नसेल तर पुढे नालासोपारा, विरार, पालघर येते. भाडे उतरते, पण गाडीची गर्दी आणि वेळ वाढतो. मुंबईतली नोकरी टिकवून इतके लांब जाणे एकट्या पालकाने शक्यतो टाळावे. स्थानिक काम मिळत असेल तरच तो पर्याय टिकतो.

माहेरी परतण्याचा मार्ग अनेकींना सर्वांत जवळचा वाटतो. मूल सांभाळायला आजी असते, भाडे नसते. मात्र पगार जवळजवळ नाहीसा होतो आणि भावाच्या घरातली जागा कधी पाहुणीची, कधी कामवालीची होऊन बसते. हक्क माहीत असला तर बोलणे सोपे जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. विधवेने पतीच्या शेतजमिनीवर स्वतःची आणि मुलांची वारसनोंद तलाठ्याकडे करून घ्यावी, मग ती शहरात राहो की गावात. गावातली वागणूकही बदलते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले.

कामांचा क्रम

निर्णय झाल्यावर तीन महिने हाताशी असतील तर कामे ओळीने होतात. पहिल्या महिन्यात नव्या भागात काम शोधावे, गर्दीच्या वेळेचा प्रवास करून पाहावा आणि मूल सांभाळणारे माणूस निश्चित करावे. दुसऱ्या महिन्यात शाळा ठरवावी, दाखला मागावा, कागदांच्या प्रती काढाव्यात, चालू योजनांची प्रकरणे वर्ग करण्याचे अर्ज द्यावेत आणि ताब्याचा प्रश्न असल्यास वकिलाला भेटावे. तिसऱ्या महिन्यात खोली नक्की करून करार नोंदवावा आणि सामान हलवावे. पोहोचल्यावर आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा, मग बँक, रेशन दुकान, अंगणवाडी किंवा शाळा, आरोग्य केंद्र आणि शेवटी मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा. दोन महिन्यांचे भाडे आणि रेशन भागेल एवढी रक्कम बाजूला नसेल तर जुनी खोली सोडण्याची घाई करू नये. भिशी किंवा बचत गटातून ती जमेपर्यंत थांबणे, सावकाराकडून उचल घेऊन निघण्यापेक्षा बरे.

जिथे अचानक निघावे लागते तिथे हा क्रम पाळता येत नाही. मार सोसणाऱ्या आईने आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावे. १८१ वर फोन केल्यास सखी केंद्र किंवा निवारागृहाची वाट दाखवली जाते. कागद मागाहून मिळवता येतात. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत जुन्या घरातले सामान, मुलांचे दाखले आणि स्वतःची ओळखपत्रे परत मागण्याची तरतूद कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच आहे.